१/८ मोठा की १/६? अपूर्णांकांची तुलना: आधी पट्टी, मग आकडे

मिरज तालुक्यातल्या एका आईने विचारलं आहे: "मुलगी सहावीत आहे. १/६ आणि १/८ यांत मोठा कोणता म्हटलं की १/८ म्हणते, कारण आठ सहापेक्षा मोठे. तिरकस गुणाकार करायला सांगितला की उत्तर बरोबर आणते, पण का ते सांगता येत नाही. म्हणून घरी वर्तुळं काढून दाखवायला गेले, तर चित्रात २/५ हा ३/७ पेक्षा मोठा दिसला आणि गुणाकारात ३/७ मोठा आला. आता चित्रावर विश्वास ठेवायचा की गुणाकारावर? आणि शिकवायचं कशाने?"

ताई, तुमच्या मुलीची ही चूक मी जत तालुक्यातल्या वस्तीवरच्या शाळेपासून मिरजेजवळच्या मोठ्या शाळेपर्यंत, सत्तावीस वर्षांत प्रत्येक वर्गात पाहिली आहे. अभ्यास न करणाऱ्या मुलांकडून तर ती होतेच, पण अगदी मन लावून शिकणाऱ्या मुलांकडूनही होते. पहिलीपासून आपण सांगत आलो की आठ सहापेक्षा मोठे. मग एक दिवस त्याच आठाच्या डोक्यावर आडवी रेघ मारून वर एक लिहितो आणि म्हणतो, आता हे लहान झालं. रेघेच्या वरचा आणि खालचा आकडा दोन वेगळी कामं करतात, हे तिला कुणी नीट सांगितलेलंच नसतं.

अंश मोजतो, किती भाग घेतले ते. छेद त्या भागाची जात सांगतो, कसला भाग ते. म्हणून पहिला बदल बोलण्यात करा. "तीन छेद आठ" हे वाचन महिनाभर बाजूला ठेवा. "तीन अष्टमांश" म्हणा, नाहीतर सरळ "आठ सारख्या भागांतले तीन" म्हणा. "छेद" म्हटलं की मुलाच्या डोळ्यांपुढे दोन सुटे आकडे उभे राहतात. "तीन अष्टमांश" म्हटलं की अष्टमांश ही एक वस्तू होते, तीन पेरू म्हणावं तशी. मग तीन अष्टमांश मोठे की पाच अष्टमांश, हे शिकवावंच लागत नाही. आणि तीन अष्टमांश व तीन षष्ठांश समोर आले तर प्रश्न एवढाच उरतो की षष्ठांश मोठा की अष्टमांश. एक भाकरी सहा जणांत वाटली तर वाट्याला जास्त येईल की आठ जणांत? हे तुमची मुलगी न अडखळता सांगेल.

इथे एक धोका आहे. भाकरीचं पटलं की आपण घाईने नियम सांगून टाकतो: "छेद मोठा तर अपूर्णांक लहान." हे वाक्य कृपा करून वहीत लिहून देऊ नका. मी सुरुवातीची काही वर्षं फळ्यावर लिहीत होते, आणि पुढच्याच आठवड्यात मुलं २/३ हा ७/८ पेक्षा मोठा सांगायची, कारण तीन आठापेक्षा लहान. जुनी चूक जाऊन त्याच जागी नवी बसलेली. नियम फक्त अंश सारखे असताना खरा आहे, आणि मूल ती अट विसरतं. भाग लहान असला तरी असे सात भाग घेतले आहेत, हे त्याला दिसलं पाहिजे. दिसायला चित्र लागतं.

आता तुमच्या वर्तुळाकडे येते. भाकरी अर्धी करा, चतकोर करा, चतकोराचे दोन करा, इथपर्यंत गोल आकार फार चांगला. कारण तिथे प्रत्येक वेळी दोन सारखे भागच करायचे असतात आणि ते नजरेने जमतं. पाच आणि सात भाग करताना मात्र हात फसतो. हिशेब करून बघा. पूर्ण वर्तुळ ३६० अंशांचं. २/५ म्हणजे १४४ अंश. ३/७ म्हणजे साधारण १५४. दोघांत फरक जेमतेम दहा अंशांचा, आणि हाताने सात फोडी करताना आपली चूक सहज त्याहून मोठी होते. तुमच्या वहीत फोडी सारख्या झाल्या नव्हत्या, म्हणून चित्र उलटं आलं. तुलनेचं चित्र काढताना दोन अटी पाळाव्याच लागतात: दोन्ही पूर्ण वस्तू तंतोतंत एकाच मापाच्या हव्यात, आणि प्रत्येकीचे भाग सारखे हवेत. मुलं स्वतः काढतात तेव्हा पहिली अटही मोडते. १/३ साठी छोटा चौकोन, १/४ साठी ऐसपैस चौकोन, आणि मग १/४ मोठा.

सारखे भाग म्हणजे काय, हे शिकवायला आपल्या भागात उसासारखी वस्तू नाही. दहा कांडी असलेला ऊस मुलासमोर धरा आणि विचारा, यातलं एक कांडं म्हणजे उसाचा १/१० का? बहुतेक मुलं हो म्हणतात. मग बुडख्याचं कांडं आणि मधलं कांडं शेजारी धरायला लावा. बुडख्याचं आखूड, मधलं लांब. संख्येने दहातलं एक असलं तरी लांबीने दहावा भाग नाही. ही एक गोष्ट मनात बसली की मूल पुढे स्वतःच स्वतःच्या चित्रावर शंका घ्यायला लागतं.

वर्तुळ बाजूला ठेवून पट्टी घ्या. जुन्या दिनदर्शिकेचं जाड पान चालेल. २४ सेंटिमीटर लांब आणि तीनेक सेंटिमीटर रुंद अशा सात पट्ट्या कापा. एक तशीच ठेवा, तो पूर्ण एक. दुसरीवर १२ सेंटिमीटरवर रेघ, झाले दोन अर्धे. तिसरीवर दर ८ वर, ते तृतीयांश. मग दर ६ वर चतुर्थांश, दर ४ वर षष्ठांश, दर ३ वर अष्टमांश, दर २ वर द्वादशांश. रेघा मुलीलाच मारू द्या. घडी घालण्यापेक्षा फूटपट्टीने मोजून मारलेल्या बऱ्या, कारण मोजतानाच तिला भागाकार करावा लागतो: २४ चे ८ भाग, म्हणून एकेक ३ चा. सगळ्या पट्ट्या एकीखाली एक, डावीकडची कड भिंतीला लावल्यासारखी जुळवून ठेवायच्या.

आता काही शिकवू नका, फक्त विचारा. २/३ कुठे संपतो? ५/८ कुठे संपतो? ती बोट ठेवेल: १६ वर आणि १५ वर. जवळजवळ आहेत, पण २/३ एक सेंटिमीटर पुढे. २/३, ४/६ आणि ८/१२ एकाच ठिकाणी संपतात हे तिच्या आपोआप लक्षात येईल. सममूल्य अपूर्णांक हा शब्द नंतर सांगा, आधी तिला ते पाहू द्या. आठवडाभर रोज दहा मिनिटं एवढंच केलं तरी १/८ आणि १/६ चा घोळ परत येत नाही, कारण आता अष्टमांश म्हटलं की तिला तीन सेंटिमीटरचा तुकडा आठवतो आणि षष्ठांश म्हटलं की चार सेंटिमीटरचा.

मग एक दिवस तिला म्हणा, याच मापाच्या पट्टीवर पंचमांश काढ. ती अडेल. २४ ला ५ ने भाग जात नाही, ४.८ येतात. या अडण्याला घाबरू नका, मला तर तो या सगळ्या धड्यातला सर्वांत मोलाचा क्षण वाटतो. विचारा: चतुर्थांश आणि पंचमांश दोन्ही नीट बसायचे असतील तर पट्टी किती लांब घ्यावी? थोडी खुडबूड करून ती २० म्हणेल. पाच आणि सात बसवायचे तर? ३५. आठ आणि सहा? कुणी ४८ म्हणतं, कुणी २४ म्हणतं, दोन्ही चालतात, २४ मध्ये काम कमी. ताई, हाच तो लसावि. पाठ्यपुस्तकात तो अपूर्णांकांशी संबंध नसल्यासारखा वेगळा येतो आणि मुलं भागाकाराच्या पायऱ्या पाठ करतात. पट्टीवर तो का लागतो ते कळतं: दोन्ही जातींचे भाग ज्या लांबीत पुरे पुरे बसतील अशी सगळ्यांत आखूड पट्टी.

तुमच्या घरी शेती असेल तर अशी एक पट्टी घरात आधीपासूनच आहे. एकराचे गुंठे ४०. चाळीसला पाचानेही भाग जातो आणि आठानेही. ३/८ एकर मोठं की २/५ एकर? आठवा भाग ५ गुंठ्यांचा, तीन घेतले, १५ गुंठे. पाचवा भाग ८ गुंठ्यांचा, दोन घेतले, १६ गुंठे. २/५ एक गुंठ्याने जास्त. वाटणीच्या गोष्टी घरात ऐकत वाढलेल्या मुलाला एक गुंठा म्हणजे किती हे सांगावं लागत नाही. (यावरून आठवलं: सातबारा ७/१२ असा लिहिलेला पाहून मुलं त्याला अपूर्णांक समजतात. तो गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा यांचा जोड आहे, बारा भागांतले सात नव्हेत. एकदा सांगून टाकावं. रेघ दिसली म्हणजे अपूर्णांक असतोच असं नाही, हेही त्यातून शिकतात.)

आता तुमच्या प्रश्नातली जोडी घेऊ, ३/७ आणि २/५. ३५ सेंटिमीटरची पट्टी वहीत मावत नाही, म्हणून चौकटीच्या वहीत वड्यांचं ताट काढा. आयताकृती ताट, ५ आडव्या ओळी आणि ७ उभ्या ओळी, एकूण ३५ वड्या. ३/७ हवे असतील तर सात उभ्या ओळींतल्या तीन घ्यायच्या. एका उभ्या ओळीत ५ वड्या, म्हणून ३ × ५ = १५. २/५ हवे असतील तर पाच आडव्या ओळींतल्या दोन घ्यायच्या. एका आडव्या ओळीत ७ वड्या, म्हणून २ × ७ = १४. पंधरा वड्या चौदांपेक्षा जास्त, म्हणून ३/७ मोठा, एका वडीने, म्हणजे १/३५ ने.

हे १५ आणि १४ ओळखीचे वाटले ना? तिरकस गुणाकारात तुमची मुलगी हेच दोन आकडे काढते. तिला एवढंच ठाऊक नाही की त्या वड्या आहेत. तिरकस गुणाकार ही काही वेगळी जादू नाही. दोन्ही अपूर्णांक ३५ या एकाच छेदावर आणले, १५/३५ आणि १४/३५ झाले, आणि छेद सारखाच आहे म्हणून तो लिहायचा सोडून दिला. एकमेकांच्या छेदांनी गुणून छेद सारखे करण्याची ही रीत भास्कराचार्यांच्या लीलावतीत, म्हणजे ११५० सालापासून, लिहिलेली आहे आणि समच्छेद हा आपला शब्दही तिथे आहे. आज मुलांच्या हाती येतो तो तिचा शेपटाचा तुकडा: आडवंतिडवं गुणा आणि मोठं बघा.

म्हणून तुमच्या "चित्र की गुणाकार" या प्रश्नाला माझं उत्तर असं: ताट नीट काढलं तर दोघांत भांडण होऊच शकत नाही, कारण गुणाकार हीच त्या ताटातल्या वड्यांची मोजणी आहे. भांडण झालं तर दोघांपैकी एकात चूक आहे आणि ती शोधायची. चित्रात बहुतेक वेळा भाग सारखे नसतात. गुणाकारात बहुतेक वेळा कोणता गुणाकार कुणाचा याची अदलाबदल होते. ३ × ५ चे १५ हे ३/७ च्या डोक्यावर लिहायचे की २/५ च्या? ज्या अंशापासून निघालात त्याच्या डोक्यावर. पंधरा हा त्या तीनाचाच नवा अंश आहे. मुलीला बाण काढायची सवय असेल तर बाण अंशापासून सुरू करायला लावा. छेदापासून सुरू करणारी मुलं हमखास उलटं उत्तर देतात.

छेद मोठे असले की तिरकस गुणाकार महागात पडतो, एवढं इथेच सांगते. ५/१२ आणि ७/१८ मध्ये छेदांचा गुणाकार २१६, लसावि मात्र ३६. १५/३६ आणि १४/३६, लगेच निकाल.

पण ताई, पट्टी आणि ताट झाल्यावर मी मुलांना लगेच गणितं देत नाही. मधे एक गोष्ट करून घेते, आणि माझ्या मते खरी समज तिथेच येते. पेन खाली ठेवून, फक्त बघून सांगायचं: हा अपूर्णांक अर्ध्याच्या अलीकडे की पलीकडे? एकाला किती कमी?

अर्ध्याचं सोपं आहे. ५/९ आणि ६/१३ घ्या. नवाचे निम्मे साडेचार, पाच त्याहून जास्त. तेराचे निम्मे साडेसहा, सहा त्याहून कमी. एक अर्ध्यापलीकडे, दुसरा अर्ध्याअलीकडे. झालं. ११७ छेद करायची गरजच नाही.

एकाला किती कमी, हा विचार तर मराठीच्या रक्तातच आहे. पाऊण म्हणजे काय? पाव उणा. पावणेपाच म्हणजे पाचाला पाव कमी. एकोणीस म्हणजे विसाला एक कमी. आपली भाषा भरलेलं मोजण्याऐवजी उरलेलं मोजते, तेव्हा मुलांना याच वाटेने न्यावं. ५/६ आणि ७/८ विचारा. पुष्कळ हुशार मुलं इथे म्हणतात, दोन्ही सारखे, दोन्हींत एकच भाग कमी आहे. ही चूक मला आवडते, कारण मूल विचार करतंय. तिला एवढंच विचारा: कोणता एक भाग? ५/६ मध्ये षष्ठांश कमी आहे, ७/८ मध्ये अष्टमांश. षष्ठांश मोठा, म्हणून ५/६ मध्ये मोठा तुकडा कमी आहे. ७/८ एकाच्या जास्त जवळ, तोच मोठा. भाकरीने सुरू केलेली गोष्ट इथे कामाला आली.

पावसाळ्यात हाच विचार रोज वर्तमानपत्रात छापून येतो. कोयना धरण सुमारे १०५ टीएमसीचं (एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट पाणी), वारणा सुमारे ३४ टीएमसीचं. समजा एखाद्या दिवशी कोयनेत ८४ आणि वारणेत ३० टीएमसी पाणी आहे. कोणतं धरण जास्त भरलं? कोयना भरायला २१ कमी, म्हणजे २१/१०५, म्हणजे १/५. वारणा भरायला ४ कमी, म्हणजे ४/३४, म्हणजे २/१७. आता १/५ म्हणजे २/१०. दोन दशांश मोठे की दोन सतरांश? दशांश मोठे. कोयना जास्त रिकामं, म्हणून वारणा जास्त भरलेलं. आणि लगेच दुसरा प्रश्न विचारा: पाणी कोणत्या धरणात जास्त? कोयनेत, जवळजवळ तिप्पट. या दोन प्रश्नांची उत्तरं उलटी येतात आणि मुलं चक्रावतात. चक्रावू द्या. "कशाचा?" हा शब्द प्रत्येक अपूर्णांकाच्या पाठीमागे असतो हे त्यांना इथे उमगतं. नुसते १/२ आणि १/३ दिले तर पूर्ण एकच धरायचा. पण अर्धं गाव आणि तिसरा हिस्सा तालुका यांची तुलना नुसत्या अपूर्णांकांवरून होत नाही.

पट्टीवरून संख्यारेषेवर जायला सांगलीच्या मुलांना वेगळं उदाहरण लागत नाही. आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी फुटांत मोजतात. ४० फूट इशारा पातळी, ४५ फूट धोका पातळी, हे आपल्याकडच्या चौथीतल्या मुलालाही पाठ असतं, दुर्दैवाने पुरामुळे. ती उभी संख्यारेषाच आहे. एक फूट म्हणजे १२ इंच. ३८ फूट ८ इंच म्हणजे ३८ पूर्णांक २/३, ३८ फूट ९ इंच म्हणजे ३८ पूर्णांक ३/४. २/३ आणि ३/४ मध्ये एका इंचाचा, म्हणजे १/१२ चा फरक. नदीकाठच्या मुलाला तो इंच कळतो. आणि इथेच सांगून टाकायचं की पूर्णांक आधी बघायचा: ११/४ आणि १३/५ दिसले की आधी २ पूर्णांक ३/४ आणि २ पूर्णांक ३/५ करा, दोन दोनाला सोडून द्या, मग उरलेल्या तुकड्यांची तुलना करा.

तुम्ही परीक्षेचं विचारलं नाहीत, पण मनात असेलच. शिष्यवृत्तीच्या तयारीत चढता क्रम लावायची गणितं असतात: ३/७, ७/८, ५/९, २/३. सरावाच्या पुस्तकातून शिकलेलं मूल लसावि काढायला बसतं. तो येतो ५०४. मग चार गुणाकार, चार चुका व्हायची संधी, आणि चार मिनिटं गेली. पट्टीवर वाढलेलं मूल काय करतं? ३/७ अर्ध्याच्या अलीकडे, तो सगळ्यांत लहान. बाकी तिन्ही अर्ध्याच्या पलीकडे. ५/९ आणि २/३ मध्ये, २/३ म्हणजे ६/९, म्हणून ५/९ आधी. ७/८ एकाला अष्टमांशच कमी, २/३ एकाला तृतीयांश कमी, म्हणून ७/८ सगळ्यांत मोठा. ३/७, ५/९, २/३, ७/८. कागदावर एकही गुणाकार नाही. वेगाच्या मागे लागून आपण तिरकस गुणाकार आधी शिकवतो आणि वेग तिथेच हरवतो, हे मी वर्षानुवर्षं पाहिलं आहे.

दशांशात बदलून तुलना करायची रीतही वापरा, पण सांभाळून. ३/८ म्हणजे ०.३७५ आणि २/५ म्हणजे ०.४. इथे मुलं ०.३७५ मोठा म्हणतात, कारण ३७५ चारापेक्षा मोठे. म्हणजे तुमच्या मुलीची मूळचीच चूक वेगळ्या कपड्यांत परत आली. ०.४०० लिहायला लावा, सुटेल.

घरी करायचं असेल तर क्रम असा ठेवा. पहिले दोन आठवडे फक्त पट्ट्या आणि बोलणं, वहीत काही लिहायचं नाही. तिसऱ्या आठवड्यात अर्ध्याच्या अलीकडे-पलीकडे आणि एकाला किती कमी, रोज पाच जोड्या, तोंडी. भाकरी थापताना, बसमध्ये, कुठेही. चौथ्या आठवड्यात पट्टीची लांबी ठरवायचा खेळ आणि वड्यांचं ताट. तिरकस गुणाकार त्यानंतर. शाळेत तो आधीच झालाय म्हणून तिला "करू नको" म्हणू नका. उत्तर आल्यावर फक्त "दाखव" म्हणा, पट्टीवर किंवा ताटात, जिथे हवं तिथे. चुकली तर उत्तर सांगू नका, "पट्टी काढ" म्हणा. पट्टीने चूक दाखवली की मुलाला आईचा राग येत नाही आणि स्वतःची लाजही वाटत नाही. माझ्या वर्गात गप्प बसणाऱ्या मुली अशाच बोलायला लागल्या.

सगळं झालं की एक शेवटचा प्रश्न विचारा. मी तो माझ्या वर्गात परीक्षेऐवजी विचारते. २/५ आणि ३/७ यांच्या मधे आणखी एखादा अपूर्णांक आहे का? आधी ती १४/३५ आणि १५/३५ लिहील आणि म्हणेल, नाही, चौदानंतर लगेच पंधरा. थांबा, काही बोलू नका. थोड्या वेळाने तिला सुचेल की ताटातली प्रत्येक वडी मधोमध कापता येते. मग ३५ च्या ७० वड्या होतात, २८/७० आणि ३०/७०, आणि मधे २९/७० सापडतो. एखादी मुलगी २४ ची जुनी पट्टी काढून १० सेंटिमीटरवर बोट ठेवते आणि ५/१२ म्हणते, तेही बरोबर आहे, तपासून बघा. तुमची मुलगी यातलं एक जरी स्वतः शोधून घेऊन आली, तर तिरकस गुणाकार तिला खुशाल करू द्या.